बारावा छर्रा

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि तेवीस वर्षं दुकानादुकानांतले तराजू तपासत हिंडत होते, म्हणून गल्लीनं त्यांना हे नाव दिलं होतं. खरं आडनाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. माणूस अत्यंत सरळ. चहात साखर घालतानासुद्धा चमच्यावरचा उंचवटा बोटानं सपाट करणारा. अशा माणसाच्या हातून एक साधी सायकल दुरुस्त होणार नाही असं कोण म्हणेल? बायको म्हणाली. पण तिचं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाही, आणि पुढचा सगळा आठवडा त्यातच गेला.

झालं असं, की काटेसाहेबांच्या बायकोला बढती मिळाली. चोवीस वर्षं ती पोस्टात जाळीच्या आड बसून लोकांच्या पाकिटांवर शिक्के मारत होती. आता कालव्यापलीकडच्या छोट्या शाखेची तिला पोस्टमास्तर केलं होतं. स्वतःची खोली, स्वतःचं टेबल, आणि दाराच्या किल्ल्या तिच्याकडे. अडचण एकच. कालव्यापलीकडे बस जात नव्हती. होकार की नकार ते शनिवारी दुपारी एकच्या आत मोठ्या कचेरीत लेखी द्यायचं होतं.

"सायकलनं जाईन म्हणते," रविवारी सकाळी ती म्हणाली. "माझ्याच."

तिची सायकल गॅलरीत बावीस वर्षं उभी होती. पहिल्या पगारातून घेतलेली, बुटक्या सांगाड्याची. बसलं की तिचे पाय बरोब्बर जमिनीला टेकत, आणि अशी उंची आता कुठल्या दुकानात मिळत नाही हे तिनं चौकशी करून ठेवलं होतं. दर तीन-चार वर्षांनी काटेसाहेब गॅलरीच्या कठड्याला हिरवा रंग द्यायचे, तेव्हा उरलेला रंग सायकलला द्यायचे. त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला ती कठड्याचाच भाग वाटायची आणि तिच्यावर टॉवेल वाळत असायचे.

"उद्या सायकलवाल्याकडे टाकते," ती म्हणाली.

"सायकलवाल्याकडे?" काटेसाहेबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "अगं, सायकल म्हणजे असतं काय? दोन चाकं आणि मध्ये प्रामाणिकपणा. मी करतो."

"अहो, पण एक सांगू का, ते मधलं पायडलचं जे आहे ना, त्यात..."

"काही सांगू नकोस. शनिवारी तू सायकलवर बसून होकार द्यायला जाशील. शब्द आहे माझा."

बायको स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत राहिली. ही खिडकी वाऱ्यानं फार वाजायची म्हणून चौदा वर्षांपूर्वी काटेसाहेबांनी स्वतः दुरुस्त केली होती. त्यानंतर ती कधीही वाजली नाही. उघडलीही नाही. काटेसाहेब आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, की चौदा वर्षं झाली, आवाज नाही.

सुरुवात झोकात झाली. सायकल खाली इमारतीच्या आवारात आणून त्यांनी ती उलटी केली आणि चाकं, साखळी, दोन्ही पायडलं उतरवली. पायडलांच्या मधोमध सांगाड्यात जी आडवी नळी असते, तिच्यात एक धुरी फिरते. धुरीच्या दोन्ही टोकांना ती सहज फिरावी म्हणून छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, असतात आणि ते सांडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी आट्यांचे कप बसवलेले असतात. डावा कप पाना लावताच निमूट निघाला. छर्रे बाहेर पडले, काटेसाहेबांनी मोजले, अकरा. वहीत लिहिले, अकरा. मग उजव्या कपाला पाना लावला आणि जोर दिला. पाना निसटला आणि त्यांचं बोट विटेवर आपटलं. धुरीही उजव्या कपात रुतून बसलेली, ओढली तर हलत नव्हती. तिन्ही सांजांपर्यंत त्यांनी त्या कपाला समजावून पाहिलं, दरडावून पाहिलं, हातोडीनं ठोकून पाहिलं. कप ढिम्म.

हातोडीचा आवाज ऐकून तळमजल्यावरचे पंपवाले काका बाहेर आले. काका पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाले होते आणि उभं आयुष्य त्यांनी गंजलेल्या तोट्या उघडण्यात घालवलं होतं. ते सायकलभोवती एकदा फिरले, वाकले, आणि कपाकडे पाहून म्हणाले, "हे कुठल्या गाढवानं बसवलंय हो?"

"तेच म्हणतो मी," काटेसाहेब बोट चोखत म्हणाले.

"रॉकेल. दोन दिवस रॉकेल पाजा. रॉकेल आणि धीर, यापुढे उघडत नाही अशी वस्तू जगात नाही."

वरच्या जिन्यावरून बायको म्हणाली, "अहो, ऐकता का जरा..."

"आत्ता नको," काटेसाहेब म्हणाले.

सोमवारभर कप रॉकेल प्यायला. मंगळवारी सकाळी इमारतीतल्या सगळ्यांच्या चहाला रॉकेलचा वास येत होता आणि आवाराच्या फाटकावर कमिटीच्या चिटणीसांची सूचना लागली होती. 'आवारात विनापरवाना यंत्रशाळा चालवू नये.' काटेसाहेबांना हे लागलं. दुसऱ्यांना विनापरवाना म्हणण्याची त्यांची सवय तेवीस वर्षांची होती. स्वतःला म्हणवून घेण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी उत्तर लिहिलं, त्यात यंत्रशाळा या शब्दाची व्याख्या विचारली, आवक क्रमांक मागितला, आणि एवढ्यात अर्धा दिवस गेला. कप तिथंच होता.

मंगळवारी संध्याकाळी मेहुणे आले. बायकोचे धाकटे बंधू शाळेत विज्ञान शिकवत आणि शाळा सुटल्यावरही शिकवत. त्यांनी खडू मागितला. नव्हता, म्हणून विटेच्या तुकड्यानं फरशीवर आकृती काढली.

"दाजी, साधं आहे. उष्णतेनं धातू प्रसरण पावतो. सांगाडा तापवायचा, कप गार करायचा. सांगाडा सैल होईल, कप आकसेल, आणि बोटानं निघेल. हे सहावीतलं पोर सांगेल."

"मग सहावीतल्या पोरालाच पाठवायचं होतंस," जिन्यावरून त्यांच्या ताईचा आवाज आला. "दोघांनाही एक सांगायचंय मला..."

"ताई, प्रयोग चालू आहे!"

प्रयोगासाठी मेहुण्यांनी शाळेतून फुंकणीचा दिवा आणला होता आणि काटेसाहेबांनी शेजारणीच्या फ्रीजमधला बर्फ एका पायमोज्यात भरून कपावर धरला होता. सिद्धांतात खोट काढायला जागा नव्हती. फक्त सोमवारी कपाला रॉकेल पाजलं होतं हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. भक्कन जाळ झाला. मेहुणे मागे उडी मारून कुणाच्या तरी कुंडीत बसले. पायमोजा पेटला. काकांनी बादलीभर पाणी आणून ओतलं, त्यातलं पाऊण काटेसाहेबांच्या अंगावर गेलं. जाळ विझल्यावर पाहिलं तर सायकलचं सीट अर्धं जळालं होतं आणि हिरव्या रंगाला फोड आले होते. कप होता तिथंच होता, जरा काळा झालेला.

"तत्त्वतः बरोबर होतं," मेहुणे पाठीची माती झटकत म्हणाले.

"हे बसवणारा माणूस ना," ओले काटेसाहेब दात आवळून म्हणाले, "माझ्या हाती सापडायला हवा होता. हा माणूस नाही, हा आडमुठेपणाचा नमुना आहे. याच्या हातात पाना दिला कुणी? याच्यावर खटला भरायला हवा." ते इतकं मनापासून म्हणाले, की त्यांनी ते वाक्य वहीतही लिहिलं. बायको जिन्यावरून आत गेली.

बुधवारी काकांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. पाणीपुरवठ्यातला हातभर लांबीचा पाना, आणि त्याच्या दांड्यावर चढवायला चार फुटी लोखंडी नळी. "जोराचं काम नाही हे," काका म्हणाले. "लांबीचं आहे." मेहुण्यांनी तरफेचा नियम सांगितला आणि तो कुणी ऐकला नाही. तिघं नळीला लागले. काकांनी एक-दोन-तीन म्हटलं आणि तिघांनी सगळा भार टाकला. फिरलं. पण कप नव्हे, अख्खी सायकल फिरली. सांगाडा गरकन वळून काटेसाहेबांच्या कमरेत बसला, काका चिटणीसांच्या दारावर आदळले, चिटणीस दार उघडून बाहेर आले, आणि त्यांच्या हातातला चहा मेहुण्यांच्या डोक्यावर गेला. दुसऱ्या दिवशी फाटकावर दुसरी सूचना लागली, ती जरा कडक भाषेत होती.

गुरुवारी काटेसाहेब ऑफिसच्या कामाला बाजारात गेले ते डावीकडे कलून. कंबर सरळच होईना. एका धान्यवाल्यानं त्यांना येताना पाहिलं आणि हात जोडून म्हणाला, "या साहेब. आज काटा एका बाजूला झुकलाय?" शेजारपाजारचे सगळे गल्ले हसले. काटेसाहेबांनी त्याचं दोन किलोचं वजन तीनदा तोललं. दुर्दैवानं ते बरोबर निघालं.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा टेबलावर एक कागद होता. बायकोचं अक्षर गोल, टपोरं. 'घरगुती अडचणींमुळे सदर पद स्वीकारण्यास मी असमर्थ आहे.' खाली सही करायची राहिली होती.

काटेसाहेब कागदाकडे बघत उभे राहिले. घरगुती अडचण म्हणजे आपण, एवढं त्यांना लगेच कळलं. चोवीस वर्षं जाळीच्या आड बसलेल्या बाईला एक दार मिळत होतं, आणि ते आपल्या शब्दापायी जाणार होतं. त्यांना स्वतःची शरम वाटली. ती कमरेपेक्षा जास्त दुखली.

"सही करू नकोस," ते म्हणाले. "उद्या सायकलवाल्याकडे नेतो."

"मी रविवारीच म्हटलं होतं," बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून त्यांना आणखी वाईट वाटलं.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर सांगाडा खांद्यावर घेऊन काटेसाहेब निघाले. मागे पाना घेऊन काका, आणि त्यांच्या मागे वही घेऊन मेहुणे. आवारात कुणीतरी विचारलं, कोण गेलं? तिघांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

सायकलवाला कमी बोलणारा माणूस होता. त्यानं सांगाडा शिकंज्यात धरला, कपाकडे पाहिलं, मग तिघांकडे पाहिलं.

"कुठल्या बाजूला फिरवत होता?"

"डावीकडे," काका म्हणाले. "उघडताना डावीकडेच फिरवतात. तीस वर्षं तोट्या उघडल्यात मी."

"साखळीच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो," सायकलवाला म्हणाला. "उजवीकडे फिरवलं की निघतो. डावीकडे फिरवलं की आवळतो."

रविवारपासून शुक्रवारपर्यंत तीन सुशिक्षित माणसांनी, एका चार फुटी नळीसह, तो कप जिवाच्या आकांतानं घट्ट केला होता.

"तत्त्वतः..." मेहुणे म्हणाले.

"गप रे," काका म्हणाले.

सायकलवाल्यानं पाना लावून कप उजवीकडे फिरवला. तरीही हलला नाही. त्यानं कपाळावर आठी घातली, कानस घेतली आणि कप जिथं सांगाड्याला टेकतो तिथला हिरवा रंग खरवडायला लागला. पाच-सहा थर निघाले. त्याखाली शेंगदाण्याएवढा एक राखाडी ठिपका दिसला. सायकलवाल्यानं फडक्यानं तो पुसला, निरखून पाहिला, आणि कानस खाली ठेवून दोन पावलं मागे सरला.

"साहेब, मी नाही हात लावणार."

"का?"

"सरकारी सील आहे. सांगाड्यात भोक पाडून कपापर्यंत शिसं ओतलंय आणि वर तुमच्या खात्याची मोहर आहे. गेल्या साली शेजारच्या किराणावाल्याला तुम्हीच बजावलं होतंत, सील तोडलं तर तुरुंगात जाशील. मी इथं बसून ऐकत होतो."

काटेसाहेबांनी वरच्या खिशातून भिंग काढलं. ते त्यांच्याजवळ कायम असायचं. शिशावर खात्याचं चिन्ह होतं, खाली बावीस वर्षांपूर्वीचं साल होतं, आणि त्याच्या खाली निरीक्षकाचा क्रमांक. तो त्यांनी मोठ्यानं वाचला. एक्केचाळीस. त्यांनी भिंग फडक्यानं पुसलं आणि पुन्हा पाहिलं. एक्केचाळीसच होता.

"सापडला!" काका ओरडले. "नंबर आहे म्हणजे माणूस सापडलाच. कोण हो हा एक्केचाळीस? सरकारी शिसं सायकलीत ओततो म्हणजे काय अक्कल गहाण टाकली होती का?"

"काढून टाकला असेल केव्हाच," मेहुणे म्हणाले.

"नाही," काटेसाहेब म्हणाले. "आहे अजून."

"तुमच्याच ऑफिसात? मग धरा की त्याला! दाजी, तुम्ही वहीत लिहिलंय, खटला भरायला हवा."

काटेसाहेबांनी मान वर केली. दुकानासमोर बायको उभी होती. पोस्टातून येताना बसमधून उतरली असावी, हातात पिशवी होती आणि ती पिशवीच्या बंदाकडे बघत होती. एखादं नाव सांगून वेळ मारून नेता आली असती. एक्केचाळीस कोण हे त्या दुकानात कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे, असं त्यांना वाटलं.

"एक्केचाळीस मी आहे," ते म्हणाले.

मेहुण्यांनी वही मिटली. काका सीलवर वाकले आणि खूप वेळ बघून म्हणाले, "तरीच. काम सुबक आहे हो."

आठवलं ते सगळं एकदम आठवलं. त्या वर्षी लग्न झालं होतं, आणि त्याच वर्षी उमेदवारी संपून त्यांना स्वतःचा क्रमांक कोरलेला मोहरेचा ठोसा मिळाला होता. बायकोची सायकल कुरकुरत होती. तिला ती छान करून द्यावी म्हणून त्यांनी नवे छर्रे आणून घातले, आणि पुढेमागे एखाद्या लबाड दुकानदारानं तिचे छर्रे चोरू नयेत म्हणून तिला सील लावलं. दुकानदार लबाड असतो हे तेव्हा ते नुकतंच शिकले होते. गोष्ट इतकी जुनी, की रंगाखाली ती गेली तशी डोक्यातूनही गेली.

आता सील तोडायचं तर खिळा घेऊन खरवडलं की झालं, असं तुम्ही-आम्ही म्हणू. पण काटेसाहेबांनी तेवीस वर्षांत रीतीवाचून एकही सील तोडलं नव्हतं. चुकीचं सील रद्द करायचं तर त्यावर 'बाद'चा ठोसा मारावा लागतो, आणि तो ठोसा भांडारपालांच्या कपाटात असतो. शनिवारी सकाळी दहाच्या ठोक्याला ते भांडारासमोर उभे राहिले.

भांडारपाल चष्म्यावरून बघणारे गृहस्थ होते. त्यांनी मागणीपत्राचे तीन कागद पुढे केले. वस्तूचा प्रकार: वजन, माप, तराजू, इतर. काटेसाहेबांनी 'इतर'वर खूण केली.

"इतर म्हणजे?"

"सायकल."

भांडारपालांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "सील लावणाऱ्याचं नाव?"

"लिहिलंय खाली."

"अच्छा." ते पुढे वाचू लागले आणि एकदम थांबले. "अहो, पण सील तर एका वर्षाचंच असतं. दरवर्षी फेरपडताळणी करावी लागते. म्हणजे ही सायकल एकवीस वर्षं बिनपडताळणीची आहे. हे फार गंभीर आहे, साहेब."

"वापरात नव्हती ती."

"असं? मग कारण लिहा. वापरात का नव्हती?"

काटेसाहेबांनी पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. का नव्हती? सील लावल्यानंतर महिन्याभरात बायको बसनं जायला लागली होती. बसमध्ये वाचता येतं, म्हणाली होती. तिच्या पिशवीत त्यांनी बावीस वर्षांत एकही पुस्तक पाहिलं नव्हतं. त्यांनी त्या रकान्यात लिहिलं, 'चौकशी करून कळवतो,' आणि ठोसा घेऊन निघाले.

साडेअकराला दुकानात चाकं, साखळी, पायडलं घेऊन सगळे जमलेले होते. बायकोनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. तिच्या हातात दोन पाकिटं होती.

"एक विचारू?" काटेसाहेब म्हणाले. "सायकल का सोडलीस तू?"

"जड जायला लागली होती," ती म्हणाली. "तुम्ही दुरुस्त केल्यापासून. चढावर तर ढकलायला लागायची."

"मग दुकानात न्यायचीस."

"नेली होती. कोपऱ्यावरच्या त्या जुन्या दुकानात. ते म्हणाले, आत काहीतरी जास्त भरलंय, सील तोडावं लागेल. मी परत आणली."

"का पण?"

"तुमचं पहिलं सील होतं ते. लावलंत त्या दिवशी तुम्ही किती वेळ त्याच्याकडे बघत बसला होतात. मला म्हणालात, बघ, आता हिला कुणी फसवू शकत नाही." ती जराशी हसली. "तोडायचं कसं मग? आणि आता म्हटलं, बावीस वर्षं झाली, सायकलवाला गुपचूप तोडून देईल, तुम्हाला कळणारही नाही. तर तुम्हीच पाना घेऊन बसलात. रविवारपासून सांगतेय, एक सांगू का, एक सांगू का."

मेहुणे मान फिरवून रस्ता बघायला लागले. काटेसाहेबांनी मनातल्या मनात मोजलं. बावीस वर्षं. रोज दोन बस. पावसापाण्यात, थंडीत, थांब्यावर उभं राहून. त्यांनी ठोसा शिशावर धरला, हातोडी उचलली आणि एकच घाव घातला. एक्केचाळीसवर आडवी-उभी फुली उमटली. "बाद," ते म्हणाले. रीत म्हणून मोठ्यानं म्हणावं लागतं.

सायकलवाल्यानं शिसं कोरून काढलं, पाना लावला आणि उजवीकडे फिरवला. कर्रर्र झालं, आणि कप निघाला. त्याच्यासकट धुरी आली, आणि गंजून एकमेकांना चिकटलेल्या छर्र्यांचं कडं आलं. सायकलवाल्यानं ते ठोकून सुटं केलं आणि मोजलं. पुन्हा मोजलं.

"बारा आहेत. एका बाजूला अकराच बसतात. हा बारावा कोणी घातला?"

आता लपवायला उरलं काय होतं? "मीच," काटेसाहेब म्हणाले. "दोन डझन घेतले होते. डावीकडे अकराच मावले. उजवीकडे अकरा घातल्यावर जागा दिसली. मला वाटलं, माप कमी भरलंय. मग जरा ठोकून घातला."

"साहेब, ती जागा फिरण्यासाठी असते," सायकलवाला म्हणाला.

काटेसाहेबांनी वही उघडून हे लिहून घेतलं.

बाराला पाच कमी असताना सायकल उभी राहिली. नवे कप, नवी धुरी, दोन्हीकडे अकरा-अकरा छर्रे, आणि काकांच्या जुन्या सायकलचं सीट. बायकोनं एक पाकीट पिशवीत ठेवलं आणि दुसरं काटेसाहेबांच्या हातात दिलं. "हे फाडा," म्हणाली, आणि बसली. तिचे पाय बरोब्बर जमिनीला टेकले. मग ते उचलले गेले. पहिल्या वीस हातांत हँडल लटपटलं, काका "सांभाळून!" म्हणून ओरडले, पण तोवर ती वळणापलीकडे गेली होती. काटेसाहेब नकाराचे बारीक बारीक तुकडे करत उभे राहिले. सगळे एका मापाचे केले.

एक वाजून वीस मिनिटांनी आवारात घंटी वाजली. काटेसाहेब जिना उतरून धावतच गेले. बायको घामानं डबडबली होती, पदर खोचलेला, आणि चेहरा असा, की त्यांना तो लग्नाच्या वर्षातला वाटला.

"दिला?"

"दिला. पोच घेतली. आणि येताना उगाच कालव्यापर्यंत जाऊन आले."

"कशी चालतेय?"

"हलकी."

एवढंच म्हणाली. त्यांनी सायकल स्टँडला लावली आणि जिना चढताना तिनं विचारलं, "तो बादचा ठोसा परत दिलात का ऑफिसात?"

"नाही. सोमवारी द्यायचाय."

"बरं झालं. मग हातोडी पण घेऊन वर या."

"कशाला?"

"स्वयंपाकघराची खिडकी," ती म्हणाली. "चौदा वर्षं झाली."

काटेसाहेबांनी सवयीनं खिशातून वही काढली. मग ती परत ठेवली, हातोडी घेतली आणि तिच्या मागोमाग जिना चढू लागले.